अक्षर आणि वळण

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा येथें एका परिचितांच्या घरीं आम्ही उतरलों असतां, शेजारच्या तिसरींतील मुलाची लेखनाची वही आमच्या पाहण्यांत आली. ‘लाकूड’, ‘फूल’, ‘मुलगा’ या तिन्ही शब्दांतील ‘ल’ तांबड्या शाईनें खोडलेला होता. मुलानें ‘ल’च्या जागीं दुसरें अक्षर लिहिलें होतें काय? नाहीं. दोन पाकळ्यांचा ‘ल’ न काढतां त्यानें उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ काढला होता. त्याची घरची भाषा गोंडी. मराठी तो शाळेंत शिकतो. छत्तीसगडची सीमा जवळ असल्यामुळें हिंदी छपाई त्याच्या डोळ्यांपुढें नित्य असते, आणि वडिलांच्या भ्रमणध्वनीवरही त्याला दंडाचाच ‘ल’ दिसतो. जें पाहिलें तें काढलें, एवढाच त्याचा अपराध!

गुरुजींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या पाठीशीं सरकारी निर्णय आहे. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं मराठी वर्णमालेचें प्रमाणीकरण केलें, तेव्हां पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ हीं रूपें मराठीकरितां ठरविलीं. मुद्रणापुरता हा निर्णय योग्यच होय. पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर दोन तऱ्हांचे ‘ल’ आले तर नवशिक्या मुलाचा गोंधळ उडेल. परंतु छापण्याचा नियम हस्तलेखनाच्या परीक्षेस लावतांना एका गोष्टीचा विसर पडतो. ती ही कीं, अक्षर निराळें आणि त्याचें वळण निराळें.

वळण बदललें तरी अक्षर टिकतें, याची साक्ष आपल्याच मुद्रणाच्या इतिहासांत आहे. एकोणिसाव्या शतकांत जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनीं मुंबईचे सुबक खिळे दूरवर पोंचविले. त्यांतील ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांचें वळण उत्तरेकडील जुन्या वळणाहून स्पष्ट वेगळें होतें. पुढें हिंदीनेंही हींच रूपें प्रमाण मानलीं. म्हणून काय काशीस छापलेलीं जुनीं पुस्तकें अशुद्ध ठरलीं?

मग रेघेचा प्रत्येक भेद क्षम्य मानावा काय? तसेंही नव्हे. त्याच वहींत पुढें ‘धानोर्याचा बाजार’ असें लिहिलेलें आम्हांस आढळलें, आणि त्यावर मात्र तांबडी खूण नव्हती. वस्तुतः येथें ‘धानोऱ्याचा’ असें हवें. ‘र’ला रफार करून माथ्यावर चढविलें कीं उच्चारच बदलतो. ‘दऱ्या’ डोंगरांत असतात, ‘दर्या’ कोंकणच्या किनाऱ्याशीं भेटतो. ‘आचाऱ्यास’ बोलावणें आणि ‘आचार्यास’ बोलावणें यांत तर स्वयंपाकघर व पाठशाळा यांचें अंतर आहे. येथें रेघेचा भेद हा अर्थाचा भेद होय. संगणकाच्या युनिकोड संकेतानेंही हाच विवेक केला आहे. दोन्ही तऱ्हांच्या ‘ल’ला त्यानें एकच क्रमांक दिला व वळण टंकावर सोपविलें, उलट, ‘धानोऱ्या’तील ‘ऱ’ला मात्र स्वतंत्र क्रमांक आहे.

जपानांत असाच प्रश्न कांजी चिन्हांविषयीं उपस्थित झाला. ‘झाड’ या अर्थाच्या चिन्हांतील उभ्या रेघेचें टोक सरळ सोडावें कीं त्यास आंकडा द्यावा, अशा क्षुल्लक भेदांवरून तेथेंही बरोबर व चूक ठरविलें जाऊं लागलें. अखेर २०१६ सालीं तेथील सांस्कृतिक खात्यानें मार्गदर्शिका काढली आणि छापील व हस्तलिखित रूपांतील असे भेद चुका नव्हत, हें सोदाहरण सांगितलें. तथापि ‘माती’ आणि ‘योद्धा’ यांचीं चिन्हें, दोन आडव्या रेघांपैकीं लांब कोणती, एवढ्यावरूनच ओळखावयाचीं असतात. तेथें ढिलाई चालत नाहीं. अर्थ बिघडतो तेथें कठोर, आणि डोळ्यांच्या संवयीचाच प्रश्न असेल तेथें उदार, असें हें धोरण आहे.

आमचें म्हणणें इतकेंच. शाळेंत पाकळीचाच ‘ल’ शिकवावा; तो सुंदर आहे व आपला आहे. परंतु दंडाचा ‘ल’ काढणाऱ्या मुलाचे गुण कापूं नयेत. ज्याला आपली भाषाच नव्यानें शिकावयाची आहे, त्याचें बरोबर आलेलें अक्षर खोडणें म्हणजे त्याचा हात मागें ओढणें होय. तांबडी शाई ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्याकरितां राखून ठेवावी.

शेवटीं एक कबुली. आम्ही स्वतः जन्मभर पाकळीचाच ‘ल’ लिहीत आलों; पण हा लेख छापून वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां त्यांतील ‘ल’ कोणत्या वळणाचा असेल, हें आमच्या नव्हे, टंकाच्या हातीं आहे. तो दंडाचा निघाला तर वाचक आम्हांस अशुद्ध लिहिणारे म्हणणार नाहींत, अशी आशा आहे. तीच सवलत धानोऱ्याच्या त्या मुलास मिळावी.