चित्रपटातील वैद्य आणि खरा शल्यवैद्य

मराठी माणसास डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव ठाऊक आहे ते बहुतांशी एका चित्रपटामुळे. 1946 साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली, नायकाची भूमिका स्वतः केली, आणि सोलापूरच्या या तरुण शल्यवैद्याचे नाव घरोघरी पोचविले. हे ऋण लहान नव्हे. परंतु ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच: या कथेत शस्त्रक्रिया कोठे आहे?

कथेचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांचे 1944 चे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक. पटकथाही अब्बास व व. प. साठे यांचीच. म्हणजे खरी हकीकत हाताशी नव्हती असे म्हणावयास जागा नाही. चित्रपटातील नायक चीनमध्ये प्लेगच्या साथीवर उपाय शोधतो व अखेर त्याच रोगास बळी पडतो. वस्तुतः डॉ. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी वारले ते अपस्माराच्या झटक्यांनी; वय अवघे बत्तीस. मग हा प्लेग आला कोठून? आमची समजूत अशी की, तो प्रेक्षकांच्या स्मृतीतून आला. 1896 पासूनच्या साथीने मुंबई-पुण्याची घरे ओस पाडली होती, आणि 1897 च्या जानेवारीत मुंबईस हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. तेव्हापासून वीर वैद्य म्हटला की, रोगाशी एकाकी झुंजणाराच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हाफकिनचा अंगरखा कोटणीसांस चढविला गेला, इतकेच.

पण शल्यवैद्याचे शौर्य निराळ्या जातीचे असते. त्यात शोधाचा चमत्कार नाही. तेच काम, तेच रक्त, पुन्हा पुन्हा. 1940 च्या लढाईत डॉ. कोटणीस सतत 72 तास, झोप न घेता, जखमींवर शस्त्रक्रिया करीत उभे होते. त्यांच्या पूर्वी त्याच आघाडीवर काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यात विष भिनले, आणि नोव्हेंबर 1939 मध्ये वारले. पेनिसिलिन तेव्हा कोणाच्या पेटीत नव्हते. पुढे त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाची धुरा 1941 साली कोटणीसांकडे आली. ज्या टेबलापाशी आदल्या माणसाचा एका ओरखड्याने अंत झाला, तेथेच रोज हात घालावयाचा, यापेक्षा भयंकर प्रसंग कोणता पटकथाकार रचणार? तो आयता हाती असता प्लेगची उसनवारी केली, हा या कृतीतील खरा दोष होय. तो तपशिलाचा नव्हे, दृष्टीचा आहे.

वसंत देसाई यांच्या संगीताविषयी व जयश्रीबाईंच्या अभिनयाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. शेवटी मरणोन्मुख नायकाने पत्नीस सोलापूरच्या घराची वाट वर्णन करून सांगावी, हा प्रसंगही मनाला चटका लावणारा आहे. आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. मात्र ज्या परिचारिका-शिक्षिकेशी कोटणीसांनी 1941 साली विवाह केला, त्या ग्वो छिंगलान यांचे जीवन चीनमध्येच गेले. 2012 साली त्या दालियान येथे वारल्या. मुलगा यिनहुआ, ज्याच्या नावात हिंदुस्थान व चीन दोन्ही गुंफले होते, तो वैद्यकीचे शिक्षण चालू असताना 1967 साली गेला.

वऱ्हाडच्या वाचकास आणखी एक गोष्ट खटकावी. 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून निघालेल्या काँग्रेसच्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी. यांतील चोळकर आपल्या नागपूरचे. अमरावती-अकोल्याच्या किती घरांत हे नाव आज निघते? अब्बास यांनी निदान ग्रंथाच्या नावात परत आलेल्या चौघांसाठी जागा ठेविली. एकजण आला नाही, म्हणजे इतर आले. पडद्यावर ती जागाही फारशी उरली नाही. परत आलेल्या डॉ. चोळकरांचे मराठी चरित्र कोणी लिहावयास घेईल, तर त्याने प्लेग शोधू नये; त्या पाच पेट्यांत कोणती हत्यारे होती, येथून आरंभ करावा.