किस्सा म्हणजे पुरावा नव्हे : शांता आपटे वाचताना

संशोधनासाठी एखाद्या कलावंताचं आयुष्य निवडलं की पहिला धोका कुठला? भूमिका आणि माणूस यांची सरमिसळ. गायिका-अभिनेत्री शांता आपटे (1916–1964) हे त्याचं ठळक उदाहरण.

'कुंकू' (1937) आठवा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला चित्रपट. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. नीरा शांताबाईंनी साकारली, गाणीही त्यांच्याच गळ्यातली. लॉन्गफेलोची इंग्रजी कवितासुद्धा त्या गातात. पुढे 1939 मध्ये 'प्रभात'शी वाद झाला आणि त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. झालं! तेव्हापासून अनेक लेखांचा एकच सूर : पडद्यावरची बंडखोर नीरा प्रत्यक्षातही तशीच होती.

वाचायला छान वाटतं. पण बघा, यातून होतं काय? कंपनी आणि कलाकार यांच्यातला कामाचा झगडा 'बाईंचा स्वभाव' होऊन बसतो. शिवाय गोष्ट उपोषणापाशीच थांबते. प्रत्यक्षात 1941 मध्ये शांताबाई तमिळ 'सावित्री'त नायिका होत्या आणि त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी!

महत्त्वाचं म्हणजे, शांताबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. 'जाऊ मी सिनेमात?' हे त्यांचं पुस्तक 1940 चं. सिनेमात येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेलं. पण त्यात झगमगाटापेक्षा श्रम, थकवा आणि पिळवणूक यांचीच चर्चा आहे. नटी म्हणजे काम करणारी बाई, ही त्यातली दृष्टी. देबश्री मुखर्जी यांनी 'बॉम्बे हसल' (2020) मध्ये सिनेमातल्या श्रमाचा विचार करताना हे पुस्तक गंभीरपणे वाचलंय. म्हणजे साधन तेच, पण प्रश्न बदलला की शोध बदलतो.

मग शांताबाईंचा शब्द अंतिम मानायचा का? तेही नाही. वादानंतर वर्षभरातच आलेलं पुस्तक आहे, त्यात स्वतःची बाजू मांडण्याची गरज असणारच. म्हणून ते 'खरं काय घडलं' यासाठी एकटं पुरत नाही. 'आपल्या कामाकडे त्या कशा पाहत होत्या' यासाठी मात्र अनमोल आहे. पुरावा कशाचा, हे आधी ठरवा.

आसेगावात बसून असा विषय झेपेल का, असं वाटेल. सुरुवात नक्की होते. चित्रपट पाहा, पुस्तक मिळवा, आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची फेरी ठरवा. हे संग्रहालय 1964 चं, म्हणजे शांताबाई गेल्या त्याच वर्षीचं.

आजचा अभ्यास एवढाच : त्यांच्यावरचा कुठलाही एक लेख घ्या. त्यातलं प्रत्येक विधान नीराबद्दल आहे की शांताबाईंबद्दल, अशी दोन रकान्यांत विभागणी करा. जे कुठल्याच रकान्यात नीट बसणार नाही, तिथे तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.