मुलांची पायरी

लहान मुलांसाठी संग्रहालय मांडावयाचे म्हणजे वस्तू मोठ्या करावयाच्या, रंग भडक करावयाचे आणि दर भिंतीवर दाबावयाची एक कळ बसवावयाची, असा समज अलीकडे रूढ झालेला दिसतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मुलांचे म्हणून पहिले संग्रहालय १८९९ साली निघाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात तसे दालन २०१९ साली उघडले. मधल्या काळात मांडणीचे प्रयोग पुष्कळ झाले. तथापि म्हैसूरला बदलून आलेल्या मराठी कुटुंबास या विद्येचा उत्तम पाठ मिळतो तो संग्रहालयात नव्हे, जयलक्ष्मीपुरमसारख्या वसाहतीत, नवरात्रात, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात.

‘गोंबे हब्ब’ म्हणजे बाहुल्यांचा सण. शुभ्र वस्त्राने झाकलेल्या विषम संख्येच्या पायऱ्या. मानाची जागा ‘पट्टद गोंबे’ या राजाराणीच्या लाकडी जोडीची. ही जोडी मुलीस लग्नात माहेरहून मिळते. मग देवदेवता, दशावतार, दसऱ्याची मिरवणूक. खाली धान्याच्या राशी मांडून बसलेले शेट्टी नवराबायको. आणि अगदी पायथ्याशी, जमिनीवर, बाग किंवा प्राणिसंग्रहालय. तेथील हिरवळ खरी असते, नाचणी पेरून उगवलेली. आणि हा भाग बहुधा घरची मुलेच रचतात.

येथे मांडणीचे मर्म आहे. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे तीन फूट. आपल्या बहुतेक संग्रहालयांतील कपाटे मोठ्यांच्या नजरेला बेतलेली. मुलाच्या वाट्यास येते ती फळीची खालची कड. पायऱ्यांच्या मांडणीत मात्र प्रत्येक वयाला आपली ओळ आहे. आजोबा राजाराणीकडे पाहतात, नातू शेट्टीच्या तराजूकडे. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे प्रत्येक बाहुली वेगळी उठून दिसते. त्यासाठी तिला भडक व्हावे लागत नाही. पाटी तर एकही नसते. (आपल्याकडील चैत्रगौरीची आरासही अशीच चढती, आणि दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरणारे पोर याच शास्त्राचे अभ्यासक.)

म्हैसूरच्या राजवाड्यातील ‘गोंबे तोट्टी’त जुन्या, देखण्या बाहुल्या आहेत, परंतु तेथे मूल निव्वळ प्रेक्षक उरते. कारंजी तलावाकाठचे प्रादेशिक निसर्गेतिहास संग्रहालय १९९५ साली उघडले, त्याने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले: नमुने हाताळता यावेत म्हणून मुलांसाठी स्वतंत्र कक्ष ठेवला. मानसगंगोत्रीतील जयलक्ष्मी विलास वाड्यात विद्यापीठाने वसविलेल्या लोकसंस्कृती संग्रहालयाचे बळ निराळे. ‘सोमन कुणित’ नृत्यातील ते प्रचंड मुखवटे, त्या चामड्याच्या बाहुल्या! त्यांच्यापुढे मुलास थांबविण्यासाठी कोणत्याही युक्तीची गरज नाही. वाड्याची पडझड मात्र गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांचा विषय झाली.

आता आपल्या घरचा प्रश्न. बदलीच्या गावी वाढणारे आपले मूल मराठी ऐकते, क्वचितच वाचते. कानडी पाटीही त्यास अर्धीच उमगते. मग ते इंग्रजी मजकुराकडे वळते आणि आईबाप गप्प होतात. पाटी जेथे सर्व काही सांगून टाकते, तेथे घरच्या भाषेला कामच उरत नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ पुण्यात जे संग्रहालय उभारले, त्यातील अडकित्ते व दिवे कोणी बोलून दाखविल्यावाचून मुलास उलगडत नाहीत. यास काही जण उणीव म्हणतील. माझ्या मते तो त्या वस्तूंचा गुण आहे. त्या आजीला बोलावयास लावतात. कळ दाबताच बोलू लागणारी भिंत आजीला गप्प करते.

जयलक्ष्मी विलासची दालने पुन्हा नीट लागतील तेव्हा मुखवट्यांच्या पायथ्याशी एक बुटकी पायरी रिकामी सोडावी, आणि दसऱ्याच्या आधी आठवडाभर तेथे मातीचे ताट व मूठभर नाचणी ठेवावी.