रीमास्टर केला म्हणजे सुधारला का? सॅन अँड्रियासचं धुकं आणि आपला डेटा

संशोधनाची तयारी करताय ना? मग आज एका गेमबद्दल बोलू. काळजी करू नका, शेवटी गाडी डेटावरच येणार आहे.

शाळेत असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी 'जीटीए सॅन अँड्रियास' खेळायचो. मूळ गेम २००४ चा, प्लेस्टेशन २ वर आलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने 'जीटीए थ्री', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' हे तिन्ही गेम नव्याने सजवून एका संचात विकायला काढले. नाव दिलं 'द डेफिनिटिव्ह एडिशन', म्हणजे यापुढे हीच प्रमाण आवृत्ती. हा एक दावा आहे. आणि दावा दिसला की तो तपासायचा, ही सवय आपल्याला आतापासूनच हवी.

तपासायचा कसा? आधी 'सुधारला' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा. मी तीन प्रश्न घेतले. खेळणं सोपं झालं का? चित्र स्पष्ट झालं का? मूळ गेममध्ये जे जाणवायचं, ते अजून जाणवतं का? लहानपणीच्या आठवणींमुळे माझं मन जुन्या गेमकडे झुकणार हे मला माहीत होतं. म्हणून आठवणीवर न विसंबता जुना आणि नवा, दोन्ही लागोपाठ खेळून पाहिले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' आहे. जुन्या गेममध्ये मिशन फसलं की सुरुवातीच्या जागी परत गाडी हाकत जावं लागायचं. नव्यात ते तिथल्या तिथे पुन्हा सुरू करता येतं. नेम धरणं, शस्त्र निवडणं सुटसुटीत झालंय, नकाशावर रस्ता आखून मिळतो. इथे नवी आवृत्ती निःसंशय जिंकते.

दुसऱ्या प्रश्नापासून गडबड सुरू होते. चित्रं मोठी आणि स्वच्छ करताना मशीन लर्निंगची मदत घेतली गेली, आणि दुकानांच्या काही पाट्यांवरची अक्षरंच चुकली. संचातल्या एका डोनटच्या दुकानाचं नाव आहे 'टफ नट'. त्यावर नट-बोल्टमधला षटकोनी नट लावलेला, विनोद तोच. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो गोल झाला! षटकोन हा कमी दर्जाच्या ग्राफिक्सचा दोष नव्हता, ती माहिती होती. पण सगळं गुळगुळीत करत सुटलं की दोष कुठला आणि माहिती कुठली, हा फरक राहत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लेस्टेशन २ ची मेमरी होती ३२ एमबी. एवढ्यात तीन शहरं, वाळवंट आणि डोंगर एकदम दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून लांबचं सगळं धूसर ठेवलं होतं. ही तडजोडच, पण तिच्यामुळे तो प्रदेश अफाट वाटायचा. सह्याद्रीतल्या लांबच्या रांगा फिकट, निळसर दिसतात, त्यावरूनच त्या लांब आहेत हे आपल्याला कळतं ना? तसंच. २०२१ मध्ये ते धुकं हटवलं आणि उंचावरून पाहिलं तर शहरं एकमेकांच्या शेजारच्या गल्लीत असल्यासारखी दिसायला लागली. चित्र स्पष्ट झालं, जग मात्र लहान झालं.

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी रामन स्पेक्ट्रम घेऊन गाइडकडे गेलो होतो. आलेख सुरेख, रेघ एकदम गुळगुळीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "रॉ फाइल उघड." उघडली. मुख्य शिखराच्या खांद्यावर एक छोटासा उंचवटा होता. मी स्मूदिंगची खिडकी एवढी मोठी ठेवली होती की तो पुसला गेला होता. नंतर पुन्हा मोजलं, तर प्रत्येक वेळी तो तिथेच. म्हणजे मीही नटाचा डोनट केला होता. फक्त माझ्याकडे रॉ फाइल होती, म्हणून वाचलो.

आणि नेमकी हीच गोष्ट रॉकस्टारने सुरुवातीला काढून घेतली होती. नवा संच येताना जुने गेम विक्रीतून हटवले. मूळच समोर नसेल तर 'सुधारणा' तपासणार कशाशी? लोक भडकले, कंपनीने त्याच महिन्यात माफी मागितली आणि पीसीवरचे जुने गेम परत देण्याचं कबूल केलं. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये तर जुन्यासारखा प्रकाश आणि आकाश निवडायची सोयही आली. म्हणजे तीन वर्षांनी आलेल्या सुधारणेत जुनंच काहीतरी परत आलं.

माझा निकाल असा: हाताळणीत नवा गेम सरस, पण प्रमाण आवृत्ती म्हणून तो मूळ गेमची जागा घेऊ शकत नाही. पहिल्यांदा खेळणार असाल तर नवा घ्या, जुन्या प्रकाशाचा पर्याय चालू करा, आणि जमलं तर मूळ गेमही एकदा पाहा.

आणि लॅबमध्ये? स्मूदिंगचं बटण जरूर दाबा, पण त्याआधी रॉ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काय केलं, किती केलं, हे वहीत लिहा. एखादी गोष्ट 'नॉइज' म्हणून काढताना स्वतःला विचारा: हा खरंच नॉइज आहे, की मला अजून न कळलेला षटकोन?