नवाहो न्यायालये आणि न्यायाधीशांचे प्रशिक्षण : रेमंड ऑस्टिन यांच्या ग्रंथाची समीक्षा

प्रस्तावना :
अमेरिकेतील आदिवासी न्यायालयांचा आरंभ लादलेल्या न्यायसंस्थेतून झाला. इ.स. १८८३ पासून संघशासनाने स्थापन केलेली 'कोर्ट्स ऑफ इंडियन ऑफेन्सेस' ही आदिवासींचे विधी व रूढी दडपण्याचे साधन होती. नवाहो समाजाने इ.स. १९५९ मध्ये न्यायव्यवस्था स्वतःच्या हाती घेतली. तरीही न्यायाधीशाने कोणता कायदा शिकावा आणि कोणाकडून शिकावा, हा प्रश्न उरलाच. नवाहो सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती रेमंड डी. ऑस्टिन यांच्या 'नवाहो कोर्ट्स अँड नवाहो कॉमन लॉ' (२००९) या ग्रंथाचा विचार प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

विवेचन :
नवाहो रूढी-कायद्याचा पाया म्हणून ऑस्टिन तीन संकल्पना मांडतात : 'होझो' (सुसंवाद व समतोल), 'के' (नात्यातून येणारी परस्पर-जबाबदारी) आणि 'केई' (कुळव्यवस्था). लोकसंस्कृतीचे अवशेष म्हणून त्यांचे वर्णन करून लेखक थांबत नाहीत. न्यायनिर्णयांत त्या कायदा म्हणून कशा वापरल्या जातात, हे ते दाखवतात. हेच या ग्रंथाचे प्रमुख बलस्थान होय. नवोदित न्यायाधीशाला रूढीपासून नियमापर्यंतची वाट त्यातून दिसते.

तथापि प्रशिक्षणाचे साधन म्हणून या ग्रंथाला मर्यादा आहेत. 'के' ही संकल्पना वाचून समजते, पण अंगी बाणते ती भाषेतून व ज्येष्ठांच्या सहवासातून. दुसरे असे की, ग्रंथाचा भर सिद्धांतांवर आणि न्यायाधीशांवर आहे. पक्षकाराची पहिली गाठ मात्र न्यायालयाच्या लिपिकाशी पडते. नोंदी ठेवणाऱ्या, समन्स काढणाऱ्या या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहतो.

ग्रंथानंतर आलेल्या 'ट्रायबल लॉ अँड ऑर्डर ॲक्ट' (२०१०) मुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला. एका गुन्ह्यासाठी एक वर्षाऐवजी तीन वर्षांपर्यंत कारावास देण्याची मुभा आदिवासी न्यायालयांना मिळाली. मात्र त्यासाठी कायद्याचे पुरेसे शिक्षण घेतलेला, वकिलीचा परवाना असलेला न्यायाधीश, आरोपीला वकील आणि कामकाजाचे ध्वनिमुद्रण वा अन्य नोंद आवश्यक ठरली. आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना या अटी गैर म्हणता येणार नाहीत. परंतु संघीय कायद्याच्या या अटींत रूढीज्ञानाला स्थान नाही. नेवाडातील रेनो येथील नॅशनल ज्युडिशियल कॉलेजसारख्या संस्थेत अनेक समाजांच्या न्यायाधीशांना समान कार्यपद्धती शिकवता येते. प्रत्येकाची रूढी शिकवणे शक्य नाही.

समारोप :
रूढीचे ज्ञान आरोपीच्या हक्कांना पर्याय ठरू शकत नाही. त्याचप्रमाणे केवळ कार्यपद्धतीत निष्णात असलेला न्यायाधीश आदिवासी न्यायालयाचे वेगळेपण टिकवू शकत नाही. ऑस्टिन यांच्या ग्रंथाने या प्रशिक्षणाचा अर्धा भाग समर्थपणे सिद्ध केला आहे. उर्वरित अर्धा भाग त्या त्या समाजाने आपल्या भाषेत, आपल्या ज्येष्ठांच्या साहाय्याने घडविणे आवश्यक आहे. अन्यथा न्यायालय आदिवासींचे आणि न्याय मात्र परक्यांचा, ही १८८३ ची स्थिती नव्या रूपात परत येईल.