स्कालियांचा पिझ्झा : एका भिन्नमताचे रसग्रहण

२७ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रँड एक्स’ खटल्याचा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे होते. पण पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते ते अँटोनिन स्कालिया यांचे भिन्नमत. स्कालिया कट्टर परंपरावादी म्हणून ओळखले जात. तरी या मताच्या पहिल्या भागाला सूटर आणि गिन्सबर्ग या दोन उदारमतवादी न्यायमूर्तींनी साथ दिली.

प्रश्न वरवर कोरडा होता. केबलवाली कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवते, तेव्हा ती ‘दूरसंचार सेवा’ देऊ करते की ‘माहिती सेवा’? पहिले उत्तर दिले, तर टेलिफोन कंपन्यांवरची जुनी बंधने लागू होतात : सर्वांना सारखी वागणूक द्या, भेदभाव करू नका. दुसरे दिले, तर ती लागू होत नाहीत. नियामक आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २००२ मध्ये दुसरे उत्तर निवडले होते. कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत, म्हणून आयोगाची निवड मान्य करावी, असे बहुमत म्हणाले.

स्कालिया हा वाद ग्राहकाच्या फोनवर नेतात. पिझ्झाच्या दुकानात फोन करून ‘घरपोच देता का?’ असे विचारले, तर ‘नाही, घरपोच सेवा आम्ही देत नाही, पण तुम्ही मागवलात तर पिझ्झा भाजून तुमच्या घरी आणून देऊ’ असे उत्तर कोणी देईल का? या एका कल्पित संवादात त्यांचा सगळा युक्तिवाद सामावला आहे. भाजणे म्हणजे माहितीवरची प्रक्रिया, आणून देणे म्हणजे वहन. दोन्ही एकाच बिलात आली, म्हणून वहन नाहीसे होत नाही. हसू आधी येते आणि पटते त्यानंतर. हा क्रम लेखकाने विचारपूर्वक साधला आहे.

थॉमस यांच्याकडेही दाखला होता : गाडी विकणारा गाडी विकतो, तिचे इंजिन वेगळे देऊ करत नाही. हा दाखला दुबळा नाही. स्कालियांनी त्याला कुत्र्याच्या पिल्लाने उत्तर दिले. दुकानदार पिल्लू पट्ट्यासकटच विकत असेल, तरी तो पिल्लू विकतो हे कोणीही सांगेल. इथे दाखल्याला दाखला भिडतो आणि कायद्याचा खरा पेच उघडा पडतो : दोन गोष्टी एकजीव झाल्या आहेत, की नुसत्या एकत्र बांधल्या आहेत?

या गद्याचे मोल पुढच्या वीस वर्षांनी दाखवले. एफसीसीने २०१० मध्ये केलेल्या समान वागणुकीच्या नियमांचा मुख्य भाग २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रद्द केला. सेवेला ‘माहिती’ म्हणायचे आणि बंधने टेलिफोनची लादायची, हे चालणार नाही, असे त्याने सांगितले. मग २०१५ मध्ये आयोगाने वर्गच बदलून ‘दूरसंचार’ केला आणि नियम पुन्हा आणले. आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांच्या कारकिर्दीत २०१७ मध्ये तो पुन्हा उलटवला. २०२४ मध्ये परत फिरवला. तिन्ही वेळा मते पक्षांनुसार पडली, तीन विरुद्ध दोन. त्याच अपील न्यायालयाने २०१६ मध्ये नियम उचलून धरले आणि २०१९ मध्ये ते रद्द करणेही बहुतांशी मान्य केले. ‘ब्रँड एक्स’ने आयोगाला दिलेल्या मुभेचे हे फळ होते. खुद्द थॉमस यांनी २०२० मध्ये त्या निकालाच्या पायाबद्दल फेरविचार जाहीरपणे मांडला.

जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा काढून घेतली. जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कायदा स्वतः वाचला आणि इंटरनेट ‘माहिती सेवा’ ठरवून नियम रद्द केले. अर्थ अखेर आयोगाने नव्हे, न्यायाधीशांनी सांगितला. स्कालियांनी सांगितलेला अर्थ मात्र हरला.

मला या भिन्नमताचा अर्थ आजही अधिक खरा वाटतो, कारण तो पैसे मोजणाऱ्याच्या अनुभवातून निघतो. आपण मागितलेली माहिती आपल्यापर्यंत जशीच्या तशी पोचावी, यासाठीच ग्राहक महिन्याचे बिल भरतो. दोन्ही बाजूंचे दाखले इतके समर्थ असतील, तर अखेरचा शब्द कायदा करणाऱ्यांचाच हवा. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात अमेरिकी काँग्रेसने जे मोघम ठेवले, ते तिनेच आता स्पष्ट लिहावे. आणि लिहिताना ग्राहकाला कळेल अशी भाषा कशी असते, ते स्कालियांच्या या पानांवरून शिकावे.