दोन मालिका, दोन शिरच्छेद आणि माझी पहिली नोंद

'गेम ऑफ थ्रोन्स'चा (२०११) पहिला भाग बघून मी वहीत लिहिलं होतं, "काळोखी, क्रूर." बीबीसीच्या 'मर्लिन'बद्दल (२००८) लिहिलं, "हलकीफुलकी, घरच्यांसोबत बघण्यासारखी."

परवा दोन्ही पहिले भाग पुन्हा बघितले आणि चपापलेच. दोन्हीकडे एका माणसाचं डोकं उडवलं जातं!

'मर्लिन'मध्ये राजा उथर सज्जातून नुसती खूण करतो, कुऱ्हाड जल्लाद चालवतो. गुन्हा काय, तर जादू केली. गर्दीत त्या माणसाची आई आकांत करते. थोड्याच वेळात आपण मर्लिन आणि आर्थरच्या भांडणावर हसत असतो. 'थ्रोन्स'मध्ये नेड स्टार्क पळून आलेल्या पहारेकऱ्याला स्वतःच्या तलवारीने मारतो. लहानग्या ब्रॅनला ते बघावं लागतं. शिक्षा सुनावणाऱ्यानेच तलवार चालवावी, असं नेड त्याला नंतर समजावतो.

मग क्रूर कोण? मला तरी उथर. 'काळोखी' हा शब्द मी कथेला लावला होता, पण तो मांडणीला लागू होता. एक मालिका आपल्याला त्या मरणापाशी थांबवते, दुसरी पटकन पुढे नेते. अर्थात भागाच्या शेवटी त्याच ब्रॅनला बुरुजावरून ढकलतात, त्यामुळे माझी पहिली नोंद अगदीच चूक नव्हती, अपुरी होती.

म्हणून सांगते, पहिलं मत खोडू नका, तारीख घालून जपून ठेवा. मात्र प्रबंधात निष्कर्ष म्हणून लिहिण्याआधी दोन्हीकडचा सारखा प्रसंग शेजारी ठेवून तपासा.